बहिणींचे हक्कसोडपत्र नुसते नोटरीचे असलेले पेठेतले घर स्वस्तात मिळते आहे, घ्यावे का?

विचारणा : गणवेशवाला_सोलापूर

सोलापुरात शालेय गणवेश शिवण्याचा माझा लहानसा कारखाना आहे. गेली अकरा वर्षे तो भाड्याच्या शेडमध्ये चालतो आणि करार संपत आला की चौदा मशिनी नि कापडाचे तागे घेऊन जायचे कुठे, या धास्तीत शाळा सुरू होण्याआधीचा सगळा हंगाम जातो. म्हणून स्वतःची जागा घ्यायचे ठरवले. सहा महिने शोधल्यावर अशोक चौकाच्या परिसरात एक मिळकत पसंत पडली. क्षेत्र १,६५० चौरस फूट आहे. पुढे जुने राहते घर, त्याला लागून रस्त्याच्या बाजूला एक दुकान आणि मागे पत्र्याची शेड, जिच्यात पूर्वी सहा यंत्रमाग चालत असत. आसपासचे व्यवहार पाहता किंमत ५० लाखांच्या घरात जाते. रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे शासनाने ठरवलेल्या दराने, मूल्य ४६ लाख निघते. मला ती ३६ लाखांना मिळते आहे.

स्वस्त का, हे विकणाऱ्यांनी लपवलेले नाही. त्यांच्या वडिलांनी ही मिळकत १९६८ मध्ये नोंदणीकृत खरेदीखताने स्वतःच्या नावावर घेतली. १९८७ मध्ये ते वारले. मृत्युपत्र नव्हते. मागे पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली होत्या. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) १९८७ च्या वारस नोंदीने फक्त थोरल्या मुलाचे नाव लागले आणि २०११ मध्ये धाकट्याचे नाव वाढले. आई २००९ मध्ये गेली. बहिणींपैकी थोरली तेलंगणात सिरसिल्ल्याला आणि धाकटी भिवंडीला दिलेली होती. २०११ मध्ये दोघींनी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर हक्क सोडल्याचे लिहून दिले, मात्र तो कागद नोटरीपुढचा आहे; दुय्यम निबंधकांकडे नोंदलेला नाही. धाकटी बहीण २०१९ मध्ये वारली. तिचे पती हयात आहेत, मुलगी २२ वर्षांची आणि मुलगा १५ वर्षांचा आहे.

ज्या बँकेकडे कर्जासाठी गेलो, तिच्या वकिलांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागितले आणि प्रकरण थांबले. मध्यस्थाचे म्हणणे असे की पत्रिकेवर दोघाच भावांची नावे आहेत, बहिणींनी इतक्या वर्षांत चकार शब्द काढलेला नाही, मी स्वतः केलेल्या ई-सर्चमध्ये (नोंदलेल्या दस्तांच्या ऑनलाइन शोधात) २००२ पासून कोणताही दस्त निघालेला नाही आणि दोघे भाऊ हमीपत्र द्यायला तयार आहेत. तेव्हा बँक सोडा, बाहेरून पैसे उभे करा आणि खरेदीखत उरका. दुकानात एक जुना शिंपी भाडेकरू आहे, तो ‘उठेल’ असेही सांगितले जाते.

चौदा लाखांचा फरक माझ्यासारख्याला मोठा आहे, हे लपवत नाही. धोका आहे एवढे मला कळते. तो केवढा आणि नेमका कुठे, हे जाणकारांनी सांगावे. आणखी एक : पत्रिकेवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ अशी अक्षरे आहेत. ती कशाची?

उत्तर : निवृत्त_परिरक्षण_भूमापक

शेवटून सुरुवात करतो, कारण आपण जो प्रश्न जाता जाता विचारला आहे तोच मला महत्त्वाचा वाटतो. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नोंद एकाच्या नावाने झाली असली तरी तो सर्वांच्या वतीने धारक आहे, हे त्या तीन अक्षरांनी पत्रिकाच सांगते. घरातला कर्ता पुरुष एकटा कार्यालयात यायचा, बाकीच्यांची नावे त्या अक्षरांमागे राहायची, आणि बहिणींची तर अर्जातही नसायची. अशा नोंदी मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत. काही माझ्या हातच्याही असतील.

पत्रिकेवर दोनच नावे आहेत याचा अर्थ मालक दोनच आहेत असा होत नाही. मिळकत पत्रिका काय किंवा सातबारा काय, हे महसुली अभिलेख आहेत. उलट सिद्ध होईपर्यंत नोंद बरोबर धरायची, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ मध्ये म्हटले आहे. परंतु नोंदीमुळे मालकी उत्पन्न होत नाही आणि नोंद नसल्यामुळे ती बुडतही नाही. १९८७ ची नोंद कोणत्या अर्जावरून झाली, त्यात वारस म्हणून कोणाकोणाची नावे होती, नोटीस कोणाला बजावली, हे पाहण्यासाठी त्या फेरफाराची आणि सोबतच्या कागदांची नक्कल नगर भूमापन कार्यालयातून काढा. अर्जात बहिणींची नावे असून नोंदीत गळली असतील तर गोष्ट वेगळी. अर्जातच ‘वारस फक्त मुलगे’ असे प्रतिज्ञापत्र असेल तर वेगळी. दुसऱ्या प्रकारात विकणाऱ्यांनी पूर्वी एकदा खोटे लिहून दिलेले आहे, आणि अशा माणसांच्या हमीपत्रावर आपण ३६ लाख ठेवणार आहात.

पत्रिकेवरचा सत्ता प्रकाराचा रकानाही वाचा. तिथे ‘ब’ असेल तर ती शासनाच्या अटी-शर्तींवर दिलेली जागा आहे आणि विक्रीचा प्रश्नच निराळा होतो. १९६८ चे खासगी खरेदीखत आहे म्हणता, म्हणजे बहुधा तसे नसावे. आणि व्यवहाराआधी हद्द कायम मोजणी करून घ्या. पेठेतल्या शेडची मागची भिंत नेमकी आपल्याच हद्दीत असते, असा माझा अनुभव नाही.

उत्तर : दिवाणी_वकील

भूमापक साहेबांनी नोंदीचे सांगितले. मी हिश्श्यांचे सांगतो, कारण हिशेब मांडल्याखेरीज धोका ‘केवढा’ हे ठरत नाही.

वडिलांची मिळकत स्वकष्टार्जित, मृत्युपत्र नाही. अशा वेळी हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली यांना प्रत्येकी एक पंचमांश हिस्सा १९८७ मध्येच मिळाला. अनेकांचा असा समज असतो की मुलींना हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला आणि वडील त्याआधी गेले असतील तर बहिणी मोकळ्या. ती दुरुस्ती वडिलोपार्जित सहदायकी मिळकतीची, म्हणजे जिच्यात जन्मानेच हिस्सा मिळतो तिची, आहे. तिच्याबाबतही वडील २००५ मध्ये हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात २०२० मध्ये स्पष्ट केले. आपल्या प्रकरणात त्या वादात शिरण्याचे कारणच नाही. स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी १९५६ पासून मुलाच्या बरोबरीची वारस आहे.

आई २००९ मध्ये गेल्यावर तिचा पंचमांश चौघा मुलांत वाटला गेला आणि प्रत्येकाचा हिस्सा एक चतुर्थांश झाला. धाकट्या बहिणीचा चतुर्थांश २०१९ मध्ये तिचे पती, मुलगी आणि मुलगा यांच्याकडे सारखा गेला, म्हणजे प्रत्येकी एक द्वादशांश. थोडक्यात, आपल्यासमोर बसलेले दोघे भाऊ मिळून निम्म्या मिळकतीचे मालक आहेत. त्यांनी संपूर्ण मिळकतीचे खरेदीखत लिहून दिले, तरी त्यांच्याजवळ जे आहे तेवढेच आपल्याला मिळेल. ५० लाखांची वस्तू ३६ लाखांना मिळते आहे, असे आपण समजता. कागद सांगतो की २५ लाखांची वस्तू ३६ लाखांना मिळते आहे.

आता तो नोटरीचा कागद. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मिळकतीतील हक्क सोडण्याचा दस्त नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे नोंदवावाच लागतो, आणि न नोंदवल्यास कलम ४९ प्रमाणे त्याने हक्क जात नाही. यावर असा युक्तिवाद होतो की कुटुंबात तोंडी वाटणी आधीच झाली होती आणि कागद ही केवळ तिची आठवण आहे. तशा यादीला नोंदणी लागत नाही, हे खरेही आहे. म्हणून त्या कागदावरची क्रियापदे वाचा. ‘आम्ही पूर्वी हक्क सोडला होता व त्याप्रमाणे ही यादी करीत आहोत’ असे लिहिले असेल तर निदान वाद घालायला जागा आहे. ‘आम्ही आज रोजी आमचा हक्क सोडून देत आहोत’ असे असेल तर तो कागदच हक्कसोडपत्र आहे आणि नोंदणीअभावी लंगडा आहे. माझ्यापुढे आलेले बहुतेक कागद दुसऱ्या प्रकारचे होते, कारण टंकलेखकाच्या नमुन्यात तेच वाक्य असते.

‘इतक्या वर्षांत बोलल्या नाहीत’ याला कायद्यात फारसे वजन नाही. एका सहमालकाचा ताबा हा सर्वांच्या वतीने असतो; बहिणीचा हक्क उघडपणे नाकारून, तिला तसे कळेल अशा रीतीने बारा वर्षे ताबा ठेवल्याचे सिद्ध करावे लागते. आणि मुळात २०११ मध्ये भावांनी त्यांच्याकडून हक्कसोड लिहून घेतले, म्हणजे तोपर्यंत त्यांचा हक्क होता, हे भावांनीच मान्य केलेले आहे. ई-सर्च स्वच्छ आहे, याचा अर्थ कोणी काही नोंदवलेले नाही, एवढाच. आपला दोष नेमका न नोंदवलेल्या गोष्टीत आहे, तो तिथे दिसणार कसा? ई-कोर्टच्या संकेतस्थळावर दोन्ही भावांच्या नावांनी दावा दाखल आहे का, तेही पाहून घ्या. वाटपाचा दावा चालू असताना घेतलेली मिळकत त्या दाव्याच्या निकालाला बांधील राहते.

‘मला माहीत नव्हते’ असा बचाव आपल्याला मिळणार नाही, हेही ध्यानात घ्या. नोंदीवरचा मालक खरा समजून, योग्य चौकशी करून, प्रामाणिकपणे घेणाऱ्याला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४१ चे संरक्षण काही परिस्थितीत मिळते. आपल्याला बहिणी माहीत आहेत, कागद माहीत आहे, बँकेने बोट ठेवले तेही माहीत आहे.

राहत्या घराचा पेच आणखी वेगळा. त्याच अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा विकत घेणाऱ्या त्रयस्थाला कुटुंबीयांसोबत सामाईक ताबा मागता येत नाही. त्याला वाटपाचा दावा करावा लागतो. आणि त्याने तो केला, की वाटप अधिनियम, १८९३ च्या कलम ४ खाली कुटुंबातला हिस्सेदार न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला त्या त्रयस्थाचाच हिस्सा विकत मागू शकतो. म्हणजे वर्षानुवर्षे लढायचे आणि शेवटी पैसे घेऊन बाहेर पडायचे, असेही होऊ शकते.

सर्वांत नाजूक सही पंधरा वर्षांच्या मुलाची. अज्ञानाच्या, म्हणजे अठरा वर्षांखालील मुलाच्या, स्थावर मिळकतीची विक्री त्याचे वडीलदेखील जिल्हा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय करू शकत नाहीत (हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६, कलम ८). परवानगी न घेता वडिलांनी सही केली, तर मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत ती विक्री रद्द करून मागू शकतो. म्हणजे आजपासून सुमारे सहा वर्षे त्या द्वादशांशाची टांगती तलवार राहील. परवानगीचा अर्ज मिळकत जिथे आहे तिथल्या, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात करायचा असतो. गरज किंवा मुलाचे उघड हित दाखवावे लागते आणि बहुधा त्याच्या वाट्याची रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवण्याची अट पडते. बाजारभावाहून चौदा लाख कमी किमतीच्या विक्रीत मुलाचे हित कोणते, हे न्यायालय विचारणारच; आपल्या स्वस्त भावाची गाठ तिथे पडते.

भाडेकरूबद्दल एवढेच, की मालक बदलला म्हणून तो उठत नाही. मोकळा ताबा खरेदीखताच्या दिवशी मिळणार नसेल, तर दुकान भाडेकरूसह घेतो आहोत असे समजूनच किंमत लावा.

उत्तर : हद्दवाढ_रहिवासी

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. मी माझी स्वतःची फजिती सांगतो. १९९२ च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या भागात मी २००४ मध्ये दीड गुंठ्याचा तुकडा घेतला. सातबारा सामाईक होता, तुकड्याचे खरेदीखत नोंदवून मिळत नव्हते, म्हणून नोटरीचे साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) आणि कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) यांवर भागवले. त्या वेळी आमच्या गल्लीत सगळ्यांनी तसेच केले होते, आणि सगळ्यांनी केले म्हणजे बरोबर असणार, हाच आमचा सर्च रिपोर्ट होता.

मी दोन खोल्या बांधल्या. घरपट्टी माझ्या नावाने आली, वीजमीटर माझ्या नावाने आला. मूळ मालक २०१३ मध्ये वारले आणि त्यांच्याबरोबर ते कुलमुखत्यारपत्रही संपले. त्यांच्या तीन वारसांपैकी एकाने मला सरळ सांगितले, ‘तुम्ही वडिलांना पैसे दिले असतील, आम्हाला काय दिले?’ मी घरपट्टीच्या पावत्यांची फाईल घेऊन वकिलांकडे गेलो. त्यांनी ती न उघडताच बाजूला ठेवली आणि नोंदणीकृत खरेदीखत मागितले. साठेखतावरून करारपूर्तीचा दावा लावायची तीन वर्षांची मुदत केव्हाच निघून गेलेली होती. कुलमुखत्यारपत्रावरच्या अशा विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगितल्याचेही मला त्या दिवशीच कळले. अखेर वारसांना पुन्हा पैसे मोजले. दोघांनी सह्या दिल्या. तिसऱ्याची सही आजही झालेली नाही.

पुढे गुंठेवारी, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले असे तुकडे, नियमित करण्याचा अर्ज केला तेव्हा थोडी आशा वाटली होती. पण त्या कायद्याने तुकडा आणि बांधकाम नियमित होते, मालकीची दुरुस्ती होत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी तारण कर्ज मागायला गेलो तेव्हा ते नीट समजले. घरात राहायला काहीच अडचण नाही, दादा. अडचण येते ती विकताना, गहाण ठेवताना आणि आपल्यामागे मुलांच्या नावावर करताना. आपली मशिनी उद्याच शेडमध्ये सुरू होतील. त्यावरून काही ठरवू नका.

उत्तर : जुन्या_पेठेचा_व्यापारी

मला वरच्या मंडळींइतके घाबरवायचे नाही. दोष अजिबात नसलेली मिळकत पाहिजे असेल तर जुन्या पेठांमध्ये शोधूच नका. तिथे तीन पिढ्यांत कोणी तरी भिवंडीला, सुरतेला, हैदराबादला गेलेला असतोच आणि त्याची सही राहिलेलीच असते. अशा मिळकती विकल्या जातात आणि घेणारे सगळेच बुडत नाहीत.

मी २०१४ मध्ये एका वाड्याचा भाग घेतला. पाच वारस, चौघे तयार, पाचवा अठरा वर्षे घरच्यांशी बोलत नव्हता. मी चौघांशी किंमत ठरवली, लहानशी इसार रक्कम धनादेशाने देऊन साठेखत नोंदवले आणि त्यात लिहून घेतले की पाचव्याची सही आणून देण्याची जबाबदारी विकणाऱ्यांची, आणि तोवर बाकीची रक्कम माझ्याच नावे बँकेत राहील. तीन वर्षे दोन महिने गेले. पाचवा सापडला तेव्हा त्याला पैशांपेक्षा मोठ्या भावाने फोन करावा, एवढेच हवे होते. सही झाली आणि त्याच दिवशी सगळ्यांना पैसे मिळाले.

माझे गणित असे : राहिलेली सही मिळवायला किती वेळ लागेल, किती पैसे लागतील आणि ती मिळालीच नाही तर माझे किती अडकलेले असतील, ही तीन उत्तरे काढायची. तिसरे उत्तर इसाराच्या रकमेपलीकडे गेले तर मी व्यवहाराला हात लावत नाही. आपल्या प्रकरणात सह्या राहिलेल्या माणसांची नावे, गावे, नाती सगळे माहीत आहे. मला तर हे सोपे प्रकरण वाटते. चूक आहे ती सह्यांच्या आधी खरेदीखत उरकण्याच्या घाईत, आणि ती घाई मध्यस्थाला आहे, त्याची दलाली खरेदीखतावर अवलंबून आहे म्हणून.

उत्तर : करसल्लागार_होटगी_रोड

एक मुद्दा कोणीच मांडलेला नाही. मुद्रांक शुल्क ३६ लाखांवर नव्हे, ४६ लाखांवर लागेल. पण त्याहून मोठी गोष्ट प्राप्तिकराची आहे. शासकीय मूल्य आणि प्रत्यक्ष किंमत यांतील फरक पन्नास हजार रुपये किंवा किमतीच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्याहून जास्त झाला, तर संपूर्ण फरक खरेदीदाराच्या उत्पन्नात धरला जातो. आपला फरक १० लाख आहे आणि मर्यादा ३ लाख ६० हजार. म्हणजे दहा लाख रुपये न मिळवता आपण मिळवले, असे धरून त्यावर कर द्यावा लागेल. मिळकतीत दोष असल्याने तिचे मूल्य खरोखरच कमी आहे, असा आक्षेप घेऊन मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करता येते. मात्र ते पुन्हा एक प्रकरणच. ‘बाहेरून उभे केलेले’ पैसे रोखीने देण्याचा विचार असेल तर तोही सोडा. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास मनाई आहे.

उत्तर : दिवाणी_वकील

व्यापारी बंधूंशी मी बव्हंशी सहमत आहे. दोन दुरुस्त्या. साठेखत केवळ दोघा भावांकडून करून घेतले तर ते बहिणीवर आणि भाच्यांवर बंधनकारक नाही. तो भावांवरचा अंकुश आहे, मालकीची हमी नव्हे. आणि साठेखतात खरेदीखताची तारीख लिहिली असेल तर करारपूर्तीच्या दाव्याची तीन वर्षे त्या तारखेपासून मोजली जातात. व्यापारी बंधूंना तीन वर्षे दोन महिने लागले, हे त्यांनी सहज सांगितले. त्या दोन महिन्यांत कोणी उलटला असता तर? तारीख लांबवायची असेल तर पुरवणी दस्त करून लांबवा.

सह्यांच्या जागेबद्दलही सांगून ठेवतो. खरेदीखतात बहिणीला ‘मान्यता देणार’ म्हणून बसवण्याची पद्धत आहे, आणि ती मला पसंत नाही. तिचा हिस्सा आहे, तर तिचे नाव ‘लिहून देणार’ या सदराखाली असावे आणि तिच्या वाट्याची रक्कम तिच्या खात्यावर गेल्याचा तपशील दस्तात यावा. वारसांची नावे आधी पत्रिकेवर लावून घेतली तर उत्तमच. हमीपत्राची किंमत हमी देणाऱ्याजवळ पुढे काय उरते, तेवढीच. दोघा भावांजवळ या घराखेरीज दुसरे काही आहे का, हे आपण विचारले आहे का?

पुन्हा : गणवेशवाला_सोलापूर

सर्वांचे आभार. उत्तराला दोन महिने उशीर झाला, कारण मधल्या काळात बरेच घडले.

वकीलसाहेबांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही’ असे निघाले. दोघांचीही मुले पुण्यात भाड्याने राहतात आणि घराचे पैसे आले की तिथे सदनिका घेण्याचे ठरलेले आहे. १९८७ च्या फेरफाराची नक्कल काढली. अर्जात आईचे आणि दोन्ही बहिणींचे नाव आहे, नोंदीत मात्र थोरल्याचे एकट्याचे. नोटरीच्या कागदातले वाक्य, वकीलसाहेब म्हणाले तसेच, ‘आज रोजी सोडून देत आहोत’ असे निघाले.

मध्यस्थाला बाजूला ठेवून मी थोरल्या भावाबरोबर हैदराबादमार्गे सिरसिल्ल्याला गेलो. ताईंनी सही आपलीच असल्याचे लगेच सांगितले. आईच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाला आल्या असताना धाकट्याचे नाव लावायला लागते म्हणून कागद पुढे केला गेला आणि त्यांनी तो वाचला नाही. ‘वाचायला मागितला असता तर भावावर विश्वास नाही असे झाले असते,’ असे त्या म्हणाल्या आणि उठून चहा टाकायला गेल्या. थोरला भाऊ बराच वेळ छताकडे पाहत बसला होता. परतीच्या बसमध्ये तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही आणि नंतर आठ दिवस त्याने माझा फोन उचलला नाही. व्यवहार मोडला, असेच मी धरून चाललो होतो.

आता ठरले आहे ते असे. किंमत ४७ लाख. ताईंचा चतुर्थांश ११ लाख ७५ हजार थेट त्यांच्या खात्यावर, भिवंडीच्या तिघांचे द्वादशांश प्रत्येकी ३ लाख ९१ हजार ६६६ रुपये तसेच, आणि सर्वजण लिहून देणार. अज्ञान मुलाच्या हिश्श्यासाठी त्याचे वडील येथील जिल्हा न्यायालयात अर्ज करीत आहेत. सर्वांच्या सह्या आणि न्यायालयाची परवानगी असेल तर कर्जाचा विचार करू, असे बँकेने कळवले आहे. करसल्लागारांनी सांगितलेला फरकाचा प्रश्नही या किमतीला उरत नाही. दुकान भाडेकरूसह घेतो आहे. शिंपी काकांना माझ्याच कारखान्यात काजे-बटणाचे काम चालेल का, असे विचारले, तर विचार करून सांगतो म्हणाले. मी आजपर्यंत इसार दिलेला नाही.

मोजणी गेल्या आठवड्यात झाली. भूमापक साहेब, आपले म्हणणे खरे ठरले : शेडची मागची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत पावणेदोन फूट गेलेली आहे. शेजारी भला माणूस आहे, पण त्यालाही तीन भाऊ आहेत आणि त्यांतला एक सुरतेला असतो. येत्या हंगामाचे गणवेश भाड्याच्या शेडमध्येच शिवायचे ठरवून मी तिथल्या कराराला अकरा महिन्यांची मुदतवाढ घेतली आहे.